पुण्यातल्या पाच माणसांच्या घरासाठी लक्झरी एसयूव्ही: नवीन की वापरलेली, आणि घेण्याआधी काय काय बघायचं

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. बाणेरला राहता, ऑफिस हिंजवडीला, म्हणजे एका बाजूला दहा-बारा किलोमीटर आणि तेही ट्रॅफिकमधून. घरात तुम्ही दोघं, आई-बाबा आणि सात वर्षांची मुलगी. महिना-दीड महिन्यातून एकदा गावाला रत्नागिरीला जाणं. बजेट वापरलेल्या गाडीला ४५ लाखांपर्यंत, नाहीतर ताणून ७० लाखांची नवीन. मनात व्होल्वो एक्ससी६०, मर्सिडीज जीएलसी, ऑडी क्यू५ आणि बीएमडब्ल्यू एक्स३. त्यात एका डीलरकडे २०१८ ची डिझेल एक्ससी६० २८ लाखांत मिळतेय, ती उचलू का, असं विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. ती २८ लाखांची डिझेल तुमच्या वापराला बसत नाही, सोडून द्या. तुम्ही २०२१ च्या शेवटापासून पुढची पेट्रोल गाडी बघा, एक्ससी६० बी५ किंवा क्यू५ ४५ टीएफएसआय, एकाच मालकाची, कंपनी सर्व्हिसचा सगळा रेकॉर्ड असलेली. तशी ४५ मध्ये मिळाली तर घ्या, नाहीच मिळाली तर सहा महिने थांबा पण रेकॉर्ड नसलेली स्वस्त गाडी घेऊ नका. मी आधी वर्कशॉपला होतो आणि आता लोकांना गाडी घ्यायच्या आधी तपासून देण्याचंच काम करतो, तर जे लिहितोय ते लिफ्टवर चढवून बघितलेल्या गाड्यांवरून लिहितोय.

सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगतो कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. गाडीची किंमत चार-पाच वर्षांत साधारण निम्म्यावर येते, पार्टची किंमत येत नाही. तुम्ही २८ लाख दिले म्हणून हेडलाईट, एअर स्प्रिंग (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेची रबरी पिशवी), मेकाट्रॉनिक युनिट (गिअरबॉक्सचा कंट्रोल भाग) किंवा एसी कॉम्प्रेसर २८ लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाही, तो ७० लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतो आणि दरवर्षी थोडा वाढतो. वापरलेली लक्झरी गाडी घेणारे बहुतेक लोक इथेच फसतात, फॉर्च्युनरच्या पैशात व्होल्वो आली म्हणून खुश होतात आणि पहिल्याच मोठ्या बिलाला गाडी विकायला काढतात. म्हणून ४५ लाखांचं बजेट असेल तर गाडी ४० ची बघा आणि ५ बाजूला ठेवा, त्यातून पहिली मोठी सर्व्हिस, चार टायर, बॅटरी, ब्रेक आणि एक्सटेंडेड वॉरंटी निघते. हे ५ लाख खर्च होणारच असं धरून चाला.

आता इंजिन. लोक ब्रँडपासून सुरू करतात, मी वापरापासून सुरू करतो. रोज दहा-बारा किलोमीटर थांबत-थांबत म्हणजे डिझेलचं इंजिन नीट गरम होईपर्यंत तुम्ही ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोचलेले असता. बीएस६ डिझेलला सायलेन्सरच्या लाईनमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करण्यासाठी ती काजळी जाळतो आणि त्यासाठी त्याला बरंच जास्त तापमान लागतं, म्हणजे हायवेवर एका स्पीडने वीसेक मिनिटं चालणं लागतं. हिंजवडीच्या सिग्नलांवर ते होत नाही. मग काय होतं, रीजनरेशन म्हणजे ही साफसफाई सुरू होते आणि अर्ध्यात तुम्ही गाडी बंद करता, त्यासाठी मारलेलं जास्तीचं डिझेल जळत नाही आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइलची लेव्हल चक्क वाढते आणि ऑइल पातळ होतं. पातळ ऑइलवर टर्बो आणि बेअरिंग फार दिवस सुखात राहत नाहीत. महिन्यातून एक रत्नागिरी ट्रिप त्यावर उतारा म्हणून पुरत नाही. त्यात ॲडब्लू (धूर स्वच्छ करणारं द्रावण) भरायचं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळीने भरणं, हे वेगळंच.

रोज पुणे-नाशिक किंवा पुणे-सोलापूर करणारा माणूस असता तर मी उलट सल्ला दिला असता, जीएलसी २२०डी किंवा एक्स३ २०डी घ्या आणि डोळे मिटून चालवा, हायवेला ही इंजिनं फार गोड आहेत आणि एका टाकीत लांब जातात. ज्याचं रनिंग खरं आहे त्याच्यासाठी डिझेलला आजही पर्याय नाही. तुमचं रनिंग पेट्रोलचं आहे.

ती २०१८ ची एक्ससी६० वाईट गाडी आहे असं अजिबात नाही. ही दुसऱ्या पिढीची एक्ससी६० भारतात २०१७ च्या डिसेंबरला आली, डी५ इंजिन २३५ बीएचपी आणि ४८० न्यूटन मीटर, टर्बोला सुरुवातीचा झटका द्यायला दाबलेल्या हवेची छोटी टाकी, चारी बाजूंना एअर सस्पेंशन. २०१८ ला वर्ल्ड कार ऑफ द इयर झाली आणि युरो एनकॅपच्या २०१७ च्या टेस्टमध्ये मोठ्यांच्या सुरक्षिततेला ९८ टक्के. चालवायला सुंदर. पण आता ती सात-आठ वर्षांची आहे, एअर सस्पेंशनचं रबर त्या वयाला येतं जिथे ते तडकायला लागतं, त्या इंजिनाला चेन नसून टायमिंग बेल्ट आहे आणि तो वेळेत बदलला नाही तर इंजिन जातं, आणि मुख्य म्हणजे व्होल्वोने भारतात २०२१ लाच डिझेल बंद करून पेट्रोल धरलं आणि जगभरातलं शेवटचं डिझेल २०२४ ला बनवून तो विषयच संपवला. पार्ट मिळत राहतील, पण दोन-तीन वर्षांनी तुम्ही विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईक शोधावं लागेल. हौशी माणूस, घरी दुसरी गाडी आहे, त्याने घेतली तर ठीक. पाच माणसांच्या घराची एकमेव गाडी म्हणून नको.

नवीन गाडीचा हिशोब पटकन सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीला जीएसटी सरळ ४० टक्के झाला, आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० होता, त्यामुळे किमती साधारण साडेसहा-पावणेसात टक्क्यांनी खाली आल्या. पण महाराष्ट्रात रोड टॅक्स आहेच. २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के, डिझेलला १५, आणि कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. म्हणजे ७० लाख एक्स-शोरूमची पेट्रोल तुमच्या नावावर घेतली तर ९ लाख १० हजार टॅक्स, डिझेल घेतली तर साडेदहा लाख, कंपनीच्या नावावर घेतली तर १४ लाख. वर दोन-अडीच लाख इन्शुरन्स, एक टक्का टीसीएस (डीलरमार्फत भरायचा आगाऊ इन्कम टॅक्स) म्हणजे ७० हजार, जो रिटर्न भरताना क्रेडिट मिळतो पण आज तर खिशातून जातो. ७० ची गाडी रस्त्यावर ८२ च्या पुढे जाते. तुमचं ताणलेलं बजेट ऑन-रोड ७० असेल तर खरं बघितलं तर तुम्ही ६० लाखांच्या गाडीचं गिऱ्हाईक आहात, आणि त्या भावात या चारही गाड्या नवीन बसत नाहीत.

यातूनच वापरलेल्या गाडीच्या भावाबद्दल एक मुद्दा. विकणारा माणूस त्याच्या जुन्या बिलावरून भाव सांगतो, मला ८० ला पडली होती, ४८ ला देतो. तुम्ही आजच्या नवीन गाडीच्या बिलावरून मोजा. जीएसटी कमी झाल्यावर नवीनच स्वस्त झाली, मग जुनीचा भाव तिथूनच खाली मोजला पाहिजे. शोरूममध्ये जाऊन त्याच मॉडेलचं लेखी कोटेशन आणा, मागच्या वर्षी बनलेल्या आणि पडून राहिलेल्या स्टॉकवर डिस्काउंट विचारा, आणि तो कागद खिशात ठेवून जुन्या गाडीच्या बोलणीला बसा. डिसेंबर-मार्चला हे चांगलं जमतं.

आता घरच्यांच्या सोयीचं, ज्यासाठी गाडी घेताय आणि जे टेस्ट ड्राइव्हमध्ये कोणीच बघत नाही. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, पाचही जणांना घेऊन जा, आई-बाबांना मागे बसवा, मुलीला मध्ये बसवा आणि अर्धा तास फिरा. या चारही गाड्या कागदावर पाच सीटर आहेत पण ऑल-व्हील ड्राइव्हमुळे मधे उंच बोगदा येतो आणि मधल्या माणसाचे पाय दोन्हीकडे फाकून बसतात. सात वर्षांच्या मुलीला आज चालेल, तिला बूस्टर सीट लागतेच त्यामुळे ती खरं तर खिडकीच्या बाजूला आयसोफिक्सवर (चाइल्ड सीट अडकवायच्या हुकांवर) बसणार, आणि मधे मोठं कोणीतरी येणार. रत्नागिरीपर्यंत मधे कोण बसणार हे घरात आधी ठरवा. उत्तर "कोणीच तयार नाही" असं आलं तर या सेगमेंटऐवजी तीन रांगांची गाडी बघायला लागेल, आणि तिथे मी नवीन स्कोडा कोडियाक सुचवेन. लक्झरी बॅज नाही पण २०० च्या वर घोडे, सात सीट, आपल्या संभाजीनगरलाच जोडतात आणि तुमच्या बजेटच्या बरीच खाली. मागची रांग मुलांपुरतीच आहे हे मात्र धरून चाला.

आईंचं चढणं-उतरणं नीट बघा. साडी नेसून आल्या तर जास्त चांगलं. दरवाजा पूर्ण उघडल्यावर खालची पट्टी, ज्याला आपण सिल म्हणतो, ती किती रुंद आहे आणि पाय तिच्यावरून पलीकडे टाकताना साडीची किनार तिला घासते का ते बघा, पावसाळ्यात तिथे चिखल असतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीट फार खाली असली तर उठता येत नाही आणि फार वर असली तर बसता येत नाही, कमरेच्या पातळीला आलेली सीट सगळ्यात चांगली. एअर सस्पेंशनच्या एक्ससी६० ला चढा-उतरायला सोपं जावं म्हणून गाडी खाली बसवायचं सेटिंग मेनूत असतं, ते चालू करून दाखवायला सांगा. आणि मागच्या सीटवर मांडीखाली आधार मिळतो का बघा, आधार नसेल तर आंबा घाट उतरेपर्यंत बाबांची कंबर बोलायला लागते.

एक्ससी६० ला मागचे एसी व्हेंट बी-पिलरवर म्हणजे दोन दरवाजांच्या मधल्या खांबावर आहेत, वारा थेट तोंडावर येतो, मे महिन्यात हा फरक खूप जाणवतो. डिकी मात्र तिची लहान आहे, ४८३ लिटर, जुन्या एक्स३ ची ५५० लिटर होती आणि नवीन जीएलसी ६२० सांगते. पण लिटरवर जाऊ नका. आपल्याकडे बऱ्याच लक्झरी गाड्यांत स्टेपनी डिकीच्या फ्लोअरवरच पट्ट्याने बांधून देतात आणि निम्मी डिकी तीच खाते. घरच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन जा आणि प्रत्यक्ष ठेवून बघा.

मॉडेलबद्दल माझं मत सरळ सांगतो. क्यू५ (नोव्हेंबर २०२१ नंतरची, २४९ बीएचपी) ही या चौघीत सगळ्यात कमी कटकटीची वाटते, संभाजीनगरला शेंद्र्यात जोडतात, आतून थोडी जुनाट पण बटणं बटणासारखी आहेत. गिअरबॉक्स सात स्पीडचा ओल्या क्लचचा ड्युअल क्लच आहे, त्याचं ऑइल वेळेवर बदललेलं असलं पाहिजे आणि बंपर-टू-बंपरमध्ये सरकताना झटके देता कामा नये. एक्ससी६० बी५ (२५० बीएचपी, ४८ व्होल्टची माईल्ड हायब्रिड) घरच्यांसाठी सगळ्यात आरामाची, सीट तर अप्रतिम, पण एअर सस्पेंशनचा खर्च मनात धरून घ्या, आणि सगळं टचस्क्रीनवर आहे, बाबांना एसी कमी करायला तुमची मदत लागेल. जीएलसी आतून सगळ्यात देखणी, चाकणला बनते त्यामुळे पुण्यात माणसं आणि पार्ट दोन्ही हाताशी, जुना भावही चांगला मिळतो आणि म्हणूनच वापरलेली घेताना महाग पडते. एक्स३ चालवणाऱ्याची गाडी आहे, गिअरबॉक्स तिचा सगळ्यात गुणी, पण रन-फ्लॅट टायरवर (पंक्चर झाल्यावरही थोडं चालणारे कडक टायर) आपल्या रस्त्यांत मागे बसलेल्यांना खड्डा कळतो आणि ते टायर महागही आहेत. तुम्ही घरच्यांसाठी घेताय, त्यामुळे तुमच्यासाठी एक्ससी६० बी५ आणि क्यू५ यातच निवड आहे.

आता तपासणी, इथे सावकाश वाचा.

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. गेल्या गेल्या बोनटवर हात ठेवा. गरम लागला तर परत दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिन जे बोलतं ते गरम इंजिन लपवतं. एअर सस्पेंशनची गाडी असेल तर स्टार्ट करायच्या आधी मोजपट्टीने चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या आर्चपर्यंत अंतर घ्या. डावी-उजवीत बोटभर फरक म्हणजे रात्रीतून एका बाजूची हवा उतरलीये. स्टार्ट केल्यावर कॉम्प्रेसर ती परत वर उचलतो आणि नऊ वाजता आलेल्या गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. अशा गाडीत स्प्रिंग तर जाणारच आहे, पण सारखा चालून चालून कॉम्प्रेसरही दमलेला असतो, म्हणजे खर्च दुहेरी.

पॅनोरॅमिक सनरूफ पूर्ण उघडा आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या नाळीत बाटलीने हळूहळू अर्धा लिटर पाणी सोडा. मिनिटाभरात ते पुढच्या चाकाच्या आसपास खाली जमिनीवर आलं पाहिजे. नाही आलं म्हणजे ड्रेन पाईप पानांनी आणि धुळीने चोंदलाय, सोसायटीत झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं, आणि पावसाळ्यात तेच पाणी पिलरमधून उतरून कार्पेटखाली जमतं, जिथे वायरिंग आणि मोड्यूल (गाडीचे छोटे कॉम्प्युटर) बसलेले असतात. असं पाणी मुरलेली एक गाडी मी बघितली होती, बाहेरून चकचकीत, आत परफ्युम मारलेला, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर खालचा फोम पिळता येत होता. चूक एवढीशी, पण त्या गाडीत रोज वेगळी वॉर्निंग लाईट लागत होती आणि मालक बिचारा वर्षभर सेन्सर बदलत होता.

पुराची गाडी ही त्याच्या पुढची पायरी. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा, आपल्या सिंहगड रोडचा जुलै २०२४ चा, प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी धुतलेल्या गाड्या बाजारात येतात आणि बऱ्याचदा दुसऱ्या शहरात विकल्या जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास राहतो. सीटच्या खालच्या रेल आणि बोल्ट टॉर्च मारून बघा. डिकीतला फ्लोअर उचला, एक्ससी६० ची मेन बॅटरी तिथेच खाली असते, तिथे गंज किंवा सुकलेली माती दिसली की तिथूनच घरी परत.

पेंटची जाडी मोजणारा मीटर भाड्याने मिळतो किंवा तपासणारा माणूस घेऊन येतो. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, एखादा दरवाजा ३०० दाखवला तर रीपेंट, ते चालतं, पुण्यात ओरखडे पडायचेच. पण छत, पिलर किंवा मागच्या क्वार्टर पॅनेलला आकडा हजारात गेला तर पुट्टी भरलीये आणि गाडी मोठी ठोकलेली आहे. काचांवरचे छोटे कोड एकमेकांशी जुळतात का बघा. पुढची काच बदललेली असेल तर आरशामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन केल्याचं बिल मागा, ते न केलेल्या गाडीचं ऑटो ब्रेकिंग आणि लेन असिस्ट भरवशाचं नसतं, आणि तुम्ही सेफ्टीसाठी म्हणून ही गाडी घेताय.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. ऑल-व्हील ड्राइव्हला पुढे-मागे वेगळे टायर घातले की ट्रान्सफर केस किंवा मागच्या कपलिंगवर सतत ताण येतो. हे ओळखायला मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू हळू दोन गोल मारा, डावीकडे आणि उजवीकडे. गाडी अडखळली किंवा खालून थरथर आली तर साधी गोष्ट नाही.

चालवायला गुळगुळीत रस्ता घेऊ नका, डीलर नेहमी तोच रस्ता दाखवतो. खराब रस्त्यावर खिडक्या खाली, म्युझिक बंद, वीसच्या स्पीडने. लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड आपल्या रस्त्यांवर जातातच, कटकट आवाज आला म्हणून घाबरू नका, भाव कमी करा. हे पार्ट लेमफोर्डर, सॅक्स, बॉश, मान अशा कंपन्यांचे बाहेर मिळतात, यांचाच माल युरोपियन कंपन्यांना जातो, फक्त डब्यावर लोगो नसतो. वॉरंटी संपल्यावर चांगल्या बाहेरच्या गॅरेजला हे बसवून घेतले तर बिल बरंच खाली येतं. गिअरबॉक्सच्या ऑइलबद्दल मात्र एक सांगतो, शोरूमवाले लाइफटाइम ऑइल म्हणतात, पण एक्स३ चा आठ स्पीड बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत ऑइल बदला असं सांगते.

शेवटी स्कॅन, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट वाचणं. दोन हजारांचं ब्लूटूथ ओबीडी उपयोगाचं नाही, कंपनीचं सॉफ्टवेअर पाहिजे, मर्सिडीजला झेंट्री, बीएमडब्ल्यूला इस्टा, ऑडीला ओडिस, व्होल्वोला विडा. त्यात फक्त चालू फॉल्ट बघायचे नाहीत. सगळे कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं, आणि बऱ्याच गाड्यांत वेगवेगळ्या मोड्यूलमध्ये किलोमीटर साठवलेले असतात, मीटर मागे फिरवणारा माणूस सगळीकडे पोचत नाही. मीटर ४२ हजार आणि गिअरबॉक्स मोड्यूल ९० हजार, असं एकदा दिसलं की पुढे बोलायचंच नाही. मालक किंवा डीलर कंपनी वर्कशॉपला तपासणीसाठी गाडी न्यायला नाही म्हणाला तर तेच तुमचं उत्तर.

कागदांमध्ये आधी चालू इन्शुरन्स पॉलिसी बघा, आणि त्यात नो क्लेम बोनस. चार वर्षांच्या गाडीला एकही क्लेम नसेल तर बोनस ४५ टक्क्यांच्या आसपास दिसायला हवा, शून्य दिसला तर मागच्याच वर्षी क्लेम झालाय, कसला ते विचारा आणि बिल बघा. (बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे एका हातातून दुसऱ्या हातात गेलेल्या गाडीला शून्य दिसणं साहजिक आहे, तेवढं आरसीशी ताडून बघा.) चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस हिस्टरी मागवा आणि एखादं रिकॉल करायचं राहिलंय का तेही त्याच फोनवर विचारा, एक्स३ च्या डिझेल इंजिनाच्या कुटुंबात ईजीआर कूलरचं रिकॉल जगभर झालं होतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलनं परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर दिसतात.

दिल्लीची गाडी स्वस्त म्हणून कोणी दाखवेल. तिकडे दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेलवर बंदीचा नियम आल्यापासून तिकडचा माल इकडे येतोय. तुमच्या नावावर एमएच १२ ला घ्यायची तर दिल्लीची एनओसी, इथला रोड टॅक्स परत, एजंटचे पैसे, दोन-तीन महिने वेळ. हा सगळा खर्च भावात घालून बघितला तर स्वस्ताई फारशी उरत नाही.

पेट्रोलबद्दल एक. आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्या हिशोबाने येतात, त्याआधीच्या गाडीत पेट्रोल टाकीच्या झाकणामागचं स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. २०२२ आणि २०२३ च्या दोन सारख्या गाड्या समोर असतील आणि फरक दोन-अडीच लाखांचा असेल तर मी २०२३ ची घेईन.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. या शनिवारी-रविवारी घरच्यांना घेऊन नवीन एक्ससी६० आणि क्यू५ ची टेस्ट ड्राइव्ह घ्या, नवीन घ्यायची नसली तरी, कारण बसायला कोणती बरी हे तिथेच ठरेल आणि कोटेशनही हातात येईल. मग आधी व्होल्वो सिलेक्ट आणि ऑडी ॲप्रूव्ह्ड प्लस या कंपन्यांच्याच वापरलेल्या गाड्यांच्या विभागात चौकशी करा, भाव थोडा जास्त असतो पण वॉरंटी लेखी मिळते. ती वॉरंटी किती वर्षांची, किती किलोमीटरची, आणि एअर सस्पेंशन, ४८ व्होल्टची बॅटरी आणि स्क्रीन त्यात धरलेत का, हे तीन प्रश्न ईमेलवर विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. एखादी गाडी पसंत पडली की तिचा चॅसिस नंबर, इन्शुरन्सचं पहिलं पान आणि शेवटच्या दोन सर्व्हिसची बिलं इथे टाका (नाव-पत्ता, गाडीचा नंबर आणि चॅसिस नंबरचे शेवटचे आकडे झाकून), मी वाचून सांगतो कशात पैसे जाणार आहेत.